हाफ-ट्रॅक ‘ग्राइफ’, १/३५: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

प्लास्टिक मॉडेलचं किट उघडलं, मूळ गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन हलकी चिलखती हाफ-ट्रॅक (पुढे चाकं, मागे ट्रॅक), एसडीकेएफझेड २५०, आणि तिचा रेडिओ प्रकार २५०/३. आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेल जिच्यातून फिरला आणि जिच्या बाजूला ‘ग्राइफ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ती ही गाडी. या हॉबीत निदान एकदा तरी ती बहुतेकांच्या टेबलावर येते. बॉक्सवर पिवळीधम्मक गाडी, मागे वाळूच्या टेकड्या आणि मधोमध टोपीवर गॉगल चढवलेला सेनापती.

यावेळी नियम एकच. गाडीवर जे काही बसेल ते १९४२च्या मध्यावर लिबियात असू शकलं पाहिजे. एखादा पार्ट एका वर्षाचा, दुसरा दोन वर्षांनंतरचा आणि रंग तिसऱ्याच मोहिमेचा असला तरी कपाटात मॉडेल छानच दिसतं. पण अशी गाडी कधी कुठे धावलीच नाही. ही गाडी प्रत्यक्षात होती, तिचे फोटो आहेत, तिच्यात माणसं बसत होती. बनवायची तर तीच बनवायची.

आज फक्त पार्ट मोजले, स्प्रू (पार्ट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटी) साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घातले.

८ जून

गाडीची ओळख आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे निर्णय कशावरून घेतले ते कळेल.

मूळ आधार डेमाग कंपनीचा एक टनी ट्रॅक्टर, एसडीकेएफझेड १०. त्याची मागची बाजू आखूड केली, रोडव्हीलचा, म्हणजे ट्रॅकच्या आत फिरणाऱ्या चाकांचा, एक आस कमी केला आणि वर चिलखती पेटी चढवली. इंजिन मायबाखचं सहा सिलिंडरचं एचएल ४२, १०० अश्वशक्तीचं. पुढे जाण्यासाठी सात गिअर, तेही आधी निवडून ठेवायचे आणि मग क्लच दाबायचा अशा पद्धतीचे. पुढची चाकं फक्त वळवण्यासाठी, त्यांना इंजिनाची ताकद मिळत नाही. स्टिअरिंग थोडं फिरवलं की नुसती चाकं वळतात, जास्त फिरवलं की त्या बाजूच्या ट्रॅकला ब्रेक लागतो.

चिलखती पेटीचे दोन प्रकार. १९४३च्या ऑक्टोबरपर्यंतची जुनी पेटी कोनाकोनांची, तिचे मुख्य पत्रे १९. त्यानंतरच्या नव्या पेटीत कोन कमी करून ते ९वर आणले, कारण युद्ध अंगावर आलं होतं आणि गाड्या भराभर बाहेर काढायच्या होत्या. १९४२ची गाडी म्हणजे जुनीच पेटी. किटमध्येही तीच आहे, पाया बरोबर आहे.

१४ जून

मापं घेतली. मूळ गाडी ४.५६ मीटर लांब, १.९५ मीटर रुंद, १.६६ मीटर उंच. ३५ने भागलं की १३०.३, ५५.७ आणि ४७.४ मिमी. चिकटपट्टीवर जोडून पाहिलेली पेटी या मापांच्या अगदी जवळ येते. किट जुनं असूनही आकार नीट काढलाय.

अडचण जाडीची आहे. गाडीचं चिलखत बाजूला ८ मिमी, पुढे १४.५ मिमी. ३५व्या भागात ८ मिमीचा पत्रा होतो ०.२३ मिमी, म्हणजे जाडसर कागदाएवढा. किटच्या बाजूच्या भिंती १.२ मिमी. त्या हिशेबाने ही गाडी ४२ मिमीचं चिलखत घालून फिरते. बंद रणगाड्यात हे खपून जातं, कारण कडा दिसतच नाहीत. इथे वरचं तोंड सगळं उघडं. वरून पाहिलं की पहिली नजर त्या जाड काठावर जाते, आणि हलकी टेहळणी गाडी एकदम किल्ल्यासारखी वाटायला लागते.

सगळी भिंत पातळ करणं शक्य नाही, आतले सांधे सुटतील. म्हणून वरच्या काठापासून खाली साधारण ५ मिमी पट्टीच आतल्या अंगाने उतरती तासायची. आधी ब्लेडने खरवडून, मग ४०० आणि ८००चा पॉलिश पेपर पाण्यासकट. एक बाजू झाली. काठ ०.४ मिमीवर आला. याहून खाली गेलं तर प्लास्टिक उजेडात आरपार दिसायला लागतं, त्यामुळे तिथेच थांबलो. तासलेली बाजू आणि न तासलेली बाजू शेजारी धरून पाहिल्या. एकाच किटच्या वाटत नाहीत.

१५ जून

दुसरी बाजू. दिवसभर तेच.

२२ जून

चाकं आणि ट्रॅक. या गाड्यांचं खरं वैशिष्ट्य इथे आहे, त्यामुळे इथे वेळ द्यायलाच हवा.

जर्मन हाफ-ट्रॅकची रोडव्हील्स एकमेकांत गुंतलेली असतात. वजन जास्त चाकांवर वाटलं जातं, गाडी मऊ चालते. पण आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची आधी काढावी लागतात. ट्रॅकही साधा नाही. प्रत्येक कडी पोलादी, कड्यांच्या सांध्यात सुया-बेअरिंग, त्यात वंगण, आणि बाहेरच्या अंगाला रबराची गादी. रस्त्यावर वेग मिळावा म्हणून एवढा खटाटोप. पुढच्या ड्रायव्हिंग व्हीललाही दात नाहीत, दातांच्या जागी रोलर आहेत. हे रोलर किटमध्ये नुसते ओबडधोबड उंचवटे म्हणून आलेत. ते तासून टाकले आणि त्या जागी प्लास्टिक रॉडचे तुकडे बसवले.

किटमधला ट्रॅक एकसंध विनाइलचा, गाद्या आणि कडी यांच्यात कसलाच फरक नाही. तो वापरणार नाही. एका मित्राने त्याच्याकडचे उरलेले सुट्या कड्यांचे ट्रॅक देऊ केले, पण ते मोठ्या बहिणीचे, म्हणजे हानोमागच्या २५१चे. त्या ट्रॅकची रुंदी २८० मिमी, ३५व्या भागात बरोबर ८ मिमी. २५०चा ट्रॅक २४० मिमीचा, म्हणजे जेमतेम ६.९. फरक एक मिमीचा वाटतो, पण चाकांवर चढवला की ट्रॅक दोन्हीकडून बाहेर डोकावतो. आभार मानून परत दिले आणि २४०चे सुट्या कड्यांचे ट्रॅक मागवले.

ट्रॅकचे रंगीत फोटो शोधताना सावध राहायला हवं. २५१ म्हणून जे रंगीत फोटो फिरतात त्यातल्या कितीतरी गाड्या चेकोस्लोव्हाकियाच्या ओटी-८१० आहेत. युद्धात श्कोडा तिथे २५१ बनवत होती. त्याच आराखड्यावर तिथे १९५८पासून ओटी-८१० काढली, वरून बंद आणि टाट्राचं हवेने थंड होणारं डिझेल इंजिन असलेली. पुढे हौशी लोकांनी आणि चित्रपटवाल्यांनी त्यांची छपरं कापली, जर्मन रंग दिला आणि त्या मेळाव्यांत उतरवल्या. गाडी सुंदर दिसते, पण तिच्यावरून इंजिनाच्या झाकणाचं किंवा ट्रॅकचं माप घेतलं की १९४२च्या गाडीवर १९५८चा पार्ट बसतो. माझ्या फोल्डरमधून असे फोटो वेगळे काढून दुसरीकडे ठेवले. उरले मुख्यतः काळे-पांढरे.

५ जुलै

नगरला जाऊन आलो, रणगाडा संग्रहालय बघायला. तिथे ही गाडी नाही, पण त्या काळातलं पोलाद आहे: व्हॅलेंटाइन, चर्चिल, माटिल्डा, आणि एक जर्मन चिलखती गाडीही. मला बघायचा होता वेल्डिंगचा सांधा आणि पत्र्याची कापलेली कड. फोटोत हे कधीच नीट कळत नाही. हात लावायला मनाई असली तरी अगदी जवळून दिसतं. वेल्डचा उंचवटा सरळ, एकसारखा नसतो. थोडं थोडं करत पुढे गेलेला हात त्यात दिसतो. कुठे जाड, कुठे पसरट, आणि कोपऱ्यावर तर चक्क गोळा.

किटमध्ये दोन पत्रे जिथे मिळतात तिथे नुसती बारीक फट आहे. घरी आल्यावर स्प्रू मेणबत्तीवर तापवून केसासारखी ओढली, फटीत बसवली, वरून पातळ ग्लूचा हात फिरवला आणि मऊ झाल्यावर गोल पात्याने बारीक बारीक दाबत गेलो. चार इंच सांध्याला सगळी संध्याकाळ गेली. प्रायमर मारल्यावर कळेल.

१२ जुलै

पाऊस. हवा इतकी दमट की प्रायमर मारला असता तर वर पांढुरका थर आला असता. काम बंद.

१९ जुलै

चौकटीची अँटेना. ग्राइफची ओळख तिथून सुरू होते. पेटीच्या वर उभ्या खुंट्यांवर पलंगाच्या चौकटीसारखी नळी फिरवलेली असते. मध्यम लहरींच्या लांब पल्ल्याच्या रेडिओसाठी ती लागायची. पुढे पुढे हिच्या जागी उभी काठी आणि तिच्या टोकाला चांदणीसारखे फाटे असलेली अँटेना आली, कारण चौकट शत्रूला लांबूनच सांगायची की या गाडीत कोणीतरी मोठा अधिकारी आहे. १९४२च्या फोटोत ग्राइफवर चौकटच दिसते. तेव्हा चौकटच.

किटमधली नळी १.५ मिमी जाड, म्हणजे प्रत्यक्षात ५२ मिमी, आणि वर साच्याची रेघ. बोहरी आळीतून १ मिमीची पितळी तार आणली. लाकडावर खिळे ठोकून त्याभोवती वाकवली, म्हणजे दोन्ही बाजूंचे कोपरे हुबेहूब सारखे आले. सांधे सोल्डरिंगने. सुपरग्लूवर ही चौकट टिकत नाही, एकदा कपड्याला अडकली की संपलं. खुंटी आणि नळी यांच्यामध्ये इन्सुलेटर असतो. तो किटमध्ये नाहीच. रेडिओची अँटेना थेट चिलखताला टेकली तर ती कसली अँटेना! वायरचं प्लास्टिक आवरण बारीक कापून त्याचे इन्सुलेटर केले.

चौकट अजून चिकटवलेली नाही. आतलं काम संपेपर्यंत ती काढता यायला हवी.

२ ऑगस्ट

आतली बाजू. किटमध्ये रेडिओ म्हणून दोन खोके आहेत, पुढच्या अंगाला काही वर्तुळं. या प्रकारच्या गाडीत ३० वॅटचा किंवा ८० वॅटचा ट्रान्समीटर, सोबत मध्यम लहरींचा रिसीव्हर असे. मी ३० वॅटचा घेतलाय. डायल, बटणं आणि हेडफोनची सॉकेट्स प्लास्टिक रॉड कापून. तारा ०.२ मिमी तांब्याच्या. तारा लोंबकळत नाहीत, गाडी खडकाळ जमिनीवर उड्या मारत चालते, त्यामुळे जागोजागी क्लिपांत आवळलेल्या असतात. तशाच बसवल्या.

एनिग्माबद्दल, म्हणजे जर्मनांच्या सांकेतिक संदेश बनवणाऱ्या यंत्राबद्दल, बराच विचार केला. १९४०च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये जर्मन सेनापती गुडेरियान आपल्या २५१ कमांड गाडीत उभा आहे आणि पुढे रेडिओवाले एनिग्मावर काम करताहेत, हा फोटो प्रसिद्ध आहे. सेनापतीच्या गाडीत हे यंत्र असणं स्वाभाविक. पण ते उघडं, दिवे-कळा दाखवत ठेवलं की बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे जातच नाही, सगळी गाडी त्या यंत्राचा स्टँड होऊन जाते. यंत्र लाकडी पेटीत असतं, साधारण २८ × ३४ × १५ सेंटीमीटर. मी बंद पेटी केली, ८ × १० मिमीच्या आत बसणारी, झाकणावर कडी. ज्याला माहीत आहे तो ओळखेल.

रोमेलची आकृती बसवणार नाही, हेही आज ठरलं. टोपीवरचा तो गॉगलसुद्धा १९४१च्या एप्रिलमध्ये लिबियात मेखिलीला हाती लागलेल्या ब्रिटिश सामानातला, आणि त्याची ती मोठी ‘मामुट’ गाडीसुद्धा. त्या चेहऱ्याभोवती इतकं वलय उभं केलं गेलंय की तो बसला की बाकी सगळं त्याची पार्श्वभूमी होतं. तो ज्या राजवटीसाठी लढत होता ती त्या वलयामागे दिसेनाशी होते, आणि ते मला मान्य नाही. गाडीत दोन रेडिओवाले असतील, कामात असलेले. बस.

१० ऑगस्ट

खालच्या मजल्यावरचे सुभेदार काका वर आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, आता पंच्याहत्तरीच्या पुढे. टेबलावरची पेटी हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

“हे जर्मनांचं कशाला करत बसलायस रे?”

“काका, १९४२ची आहे. तोब्रुकच्या मोहिमेतली.”

“तोब्रुक? अरे, मग काळी पाचवी होती तिथे.”

काळी पाचवी म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, तेव्हाची २/५. २० जून १९४२ला पहाटे लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय बाजूवर रोमेलच्या सैन्याचा हल्ला झाला. तिथे अकरावी भारतीय ब्रिगेड होती: २/५ मराठा, २/७ गुरखा आणि कॅमेरॉन हायलँडर्स. आधी विमानांनी भाजून काढलं, मग तोफा, मग रणगाडे. रणगाडाविरोधी खंदक ठिकठिकाणी वाळूने बुजलेला, सुरुंग आधीच उचलून दुसरीकडे नेलेले. पहिला दणका बसला तो मराठ्यांच्या मोर्चांवर. दुसऱ्या दिवशी तिथला प्रमुख जनरल क्लॉपर याने तोब्रुक शत्रूच्या हवाली केलं, तीस हजारांवर माणसं कैद झाली. २२ तारखेला रोमेल फील्ड मार्शल झाला.

हे मी काकांना सांगितलं आणि त्यांनी मला त्यापुढचं सांगितलं: बेळगावला रंगरूट असताना जुन्या सुभेदारांकडून कानावर आलेलं, कैदेत गेलेल्या माणसांचं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

उठताना म्हणाले, “मग आपली माणसं कुठायत यात?”

त्यांचं म्हणणं असं की याच बेसवर पुढे तुटकी तार आणि मराठा जवानांचा एक मोर्चा दाखवावा. मी नाही म्हटलं, आणि का ते त्यांना नीट समजावलं. ग्राइफच्या फोटोंत गाडीभोवती तसं काही नाही. मोर्चा मी तिथे बसवला तर तो सजावट म्हणून येईल, आणि पलटणीचा दिवस रोमेलच्या गाडीची शोभा वाढवायला वापरल्यासारखं होईल. काकांना ते पटलं. “मग त्यांचं वेगळं कर,” म्हणाले.

२३ ऑगस्ट

आकाश उघडलं. प्रायमर झाला. वेल्डचे सांधे नगरला पाहिले होते तसे आले.

३० ऑगस्ट

रंग. सूचनापत्रक म्हणतं ‘डेझर्ट यलो’. हे सगळ्यात रुजलेलं चुकीचं चित्र आहे.

आफ्रिकेसाठी रंगाचे आदेश दोन. १७ मार्च १९४१चा: दोन तृतीयांश भागावर आरएएल (जर्मन रंगतक्ता) ८०००, एक तृतीयांशावर आरएएल ७००८. २५ मार्च १९४२चा: ८०२० आणि ७०२७, पण आधीचा साठा संपवून मग. म्हणजे १९४२च्या मध्यावर जुना ८०००सुद्धा पूर्ण चालू होता, आणि माझा कल त्याच्याकडेच आहे. जो सरसकट पिवळा आपण बॉक्सवर पाहतो तो १९४३च्या फेब्रुवारीत आलेल्या आरएएल ७०२८ डुंकेलगेल्बच्या जवळचा. ग्राइफवर तो येऊच शकत नाही.

८००० हा पिवळा नाहीच. आजच्या तक्त्यात त्याचं नाव हिरवट-तपकिरी असं आहे, आणि सावलीत तो खरंच हिरवट दिसतो. एवढ्या लहान मॉडेलवर तो जसाच्या तसा दिला तर फार गडद दिसेल, म्हणून थोडा पांढुरका पिवळसर मिसळून उजळ केला. खाली मात्र आधी गडद राखाडी ७०२१चा पूर्ण थर. अनेक गाड्या राखाडी रंगात येऊन वरून रंगवल्या गेल्या. त्यामुळे बूट घासतात तिथे, दाराच्या कडेला, हत्यारांच्या क्लिपांजवळ पोलाद दिसायच्या आधी राखाडी दिसायला हवा. राखाडीवर पाण्याने सुटणारा हेअरस्प्रे, त्यावर ८०००, आणि ओल्या ब्रशने मोजक्याच ठिकाणी उघडा केला. मोजक्याच. सेनापतीची गाडी भंगारात काढल्यासारखी दिसणार नाही.

आतली बाजूही त्याच रंगात. बंद रणगाड्यात हस्तिदंती पांढरा असतो, पण उघड्या गाडीत तो विमानातून चमकला असता.

ट्रॅकच्या गाद्या रबराच्या, म्हणून मळकट काळपट राखाडी. कडीच्या कडा मात्र घासलेल्या पोलादाच्या. आता पहिल्यांदा ट्रॅक ट्रॅकसारखा दिसतोय.

६ सप्टेंबर

अक्षरं. फोटो काळे-पांढरे, अक्षरं गडद, भोवती फिकट किनार. बहुतेक किट्स लाल अक्षरं पांढऱ्या किनारीत देतात आणि मलाही लालच योग्य वाटतो. पण डिकल (किटमधलं चिकटवायचं छापील चित्र) फारच नेटकं आहे, छापखान्यातून आल्यासारखं. मूळ अक्षरं हाताने रंगवलेली. म्हणून डिकल वापरलं नाही. फोटोवरून मास्किंग टेपवर अक्षरं काढली, कापली, आधी पांढरा, मग ०००च्या ब्रशने आत लाल. किनार कुठे जाड, कुठे बारीक राहू दिली. ताजा लाल डोळ्यात खुपतो, त्यावर धुळीचा हलका थर दिल्यावर बसला.

डब्यांचंही आज उरकलं: २० लिटरचे जर्मन कॅन, पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली.

१३ सप्टेंबर

बेस. तोब्रुकच्या भोवती वाळूच्या टेकड्या नाहीत. चुनखडीचं सपाट पठार, वर धुळीचा पातळ थर, सगळीकडे गोटे आणि खुरटी काटेरी झुडपं. प्लास्टरमध्ये खडीचा चुरा, वरून फिकट, किंचित राखाडी झाक असलेली धूळ. तीच धूळ चाकांवर, ट्रॅकमध्ये आणि पेटीच्या खालच्या भागात. पिवळी वाळू कुठेही नाही. चौकट कायमची बसवली.

२० सप्टेंबर

पाटी: ‘एसडीकेएफझेड २५०/३, लिबिया, १९४२’. नाव गाडीवर आहेच, पाटीवर पुन्हा नको.

काकांना दाखवलं. त्यांनी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यांपर्यंत सगळं बारकाईने पाहिलं आणि विचारलं, वेगळं कधी सुरू करतोयस. आजच सुरू केलंय. २/५ मराठाचे तीन जवान, खाकी अर्ध्या विजारीत, ब्रेनगन या हलक्या मशीनगनसह. हाताशी असलेल्या ब्रिटिश आकृत्यांच्या संचात सगळ्यांच्या हाती नंबर ४ रायफल आहे, नळीचं टोक बाहेर आलेली. १९४२च्या भारतीय पलटणीला नंबर १ मार्क ३ हवी, जिचं तोंड बोथट असतं आणि लाकूड टोकापर्यंत जातं. ईशापूरला बनायची ती. पहिलं काम तेच: तिन्ही रायफली कापून काढायच्या.